गिरजामायची इत्तला

गिरजामायच्या हातात कागद दिला की ती तो आधी उलटा करून बघायची, मग सुलटा, आणि मग शांतपणे आपल्याच हातात परत द्यायची.

"मले तोंडानं सांगा गुर्जी. कागद सगळ्याइले एकच गोठ सांगते."

तिला वाचता येत नाही म्हणून ती असं म्हणते, असा माझा पहिले सहा महिने समज होता. वाचता येत नव्हतं हे खरंच होतं. पण कागदाविषयीचं तिचं मत त्यापेक्षा जुनं आणि पक्कं होतं.

मी तेव्हा तेलुगू मुलखात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगु मंडलातल्या एका गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळेवर नवा मास्तर म्हणून लागलो होतो. दोन खोल्या, एक व्हरांडा, पाच वर्ग. हेडमास्तर, मी आणि गिरजामाय, एवढाच सगळा स्टाफ. दप्तरात तिची नोंद 'आया' अशी होती. झाडणं, पाणी भरणं, घंटा देणं ही तिची कामं. तेवढी ती उरकून टाकायची. जीव होता तो दुसऱ्याच कामात. शाळेची प्रत्येक खबर घरोघर पोचवायची, हे काम तिच्याकडे कुणी दिलं होतं ते हेडमास्तरांनाही सांगता आलं नाही.

त्या कामाला ती 'इत्तला' म्हणायची. तिचा सासरा निजामाच्या काळात पटवाऱ्याचे निरोप घेऊन गावोगाव पायी फिरायचा. हा शब्द त्याच्याकडून आला. लोकांच्या अंगणात उभी राहायची, पदर नीट करायची आणि म्हणायची, "इत्तला हाय." ते ऐकून झाल्याशिवाय तिला कुणी बस म्हणायचं नाही, आणि म्हटलं तरी ती बसायची नाही. इत्तला दिल्यावर मात्र चहा, पान आणि त्या घरच्या सुनेची पूर्ण हकीकत घेऊनच उठायची.

अडचण एवढीच होती की आपण दिलेली इत्तला आणि घरी पोचलेली इत्तला यांचं फक्त नातं असायचं.

एकदा माझं पोट बिघडलं. मी तिला सहज म्हणालो, "माय, आज मी नुसती खिचडी खाणार." दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी टेबलावर सात डबे. सातही डब्यांत खिचडी. पाटलांच्या डब्यात वरून तूप. मी तिला विचारलं, हे काय?

"सांगतलं म्या, गुर्जीले बनवता येत नाई म्हनून."

"मी असं कधी म्हणालो?"

"म्हनले नाई. पन येते का?"

येत नव्हती.

तिच्या बातम्यांत शाळेच्या सूचना कमी आणि मुलंच जास्त असायची. गोविंदाच्या पोराला आज 'क्ष' काढता आला. शेवंताची पोरगी पाढे म्हणताना रडली नाही. दुसरीच्या वर्गात उवा झाल्यात, पण कोणाच्या डोक्यातून आल्या ते मी सांगणार नाही, असं ती म्हणायची, आणि म्हणताना त्याच घराकडे बघायची. संध्याकाळी गावातल्या बाया कापसाच्या शेतातून परतल्या की चुलीपाशी तिची वाट बघायच्या. आपलं लेकरू दिवसभर काय करून राह्यलं, हे त्यांना दुसरं कोण सांगणार होतं?

हेडमास्तरांना हे पसंत नव्हतं. सरळ रेघेचा माणूस. शब्दही मोजून वापरायचे. त्यांनी तिला एकदा समोर उभं करून सांगितलं, "गिरजाबाई, जे सांगितलं तेवढंच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही."

"हो साहेब," ती म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी तिनं गावभर सांगितलं की साहेबांची तब्येत बरी दिसत नाही.

मग ती सभा आली.

मंडल ऑफिसातून निरोप आला की शनिवारी साहेब शाळा तपासायला येणार, आणि पालकांची सभाही बघणार. पालकांना शाळेत रस नसेल तर इथे दोन मराठी मास्तर कशाला, एकाला दुसरीकडे हलवू, असं ऑफिसात चाललं होतं. तो एक म्हणजे मीच. मागच्या सभेला तीन पालक आले होते, आणि त्यातला एक रस्ता विचारायला आत शिरला होता. त्यात वेचणीचे दिवस. शनिवारी सकाळी कोण शेत सोडून येणार?

हेडमास्तरांनी कागदावर लिहिलं, 'शनिवारी अकरा वाजता पालक सभा. उपस्थिती अनिवार्य.' मी ते तिला वाचून दाखवलं.

"अनिवार्य म्हंजे?"

"यायलाच पाहिजे."

तिनं तोंड वाकडं केलं. "यायलाच पायजे म्हनलं की कोनी येते का गुर्जी?"

दोन दिवस ती शाळेत घंटेपुरती दिसली.

शनिवारी साडेदहालाच व्हरांडा भरला. माणसं अंगणात लिंबाखाली बसली. नऊवारी धुवून नेसलेल्या बाया, फेटा बांधलेले म्हातारे, कडेवरची लेकरं. मंडलचे साहेब जीपमधून उतरले आणि थबकले. ते तेलुगू बोलणारे, मराठी जेमतेम समजायचं. हेडमास्तरांना म्हणाले, "अरे वा, बहुत अच्छा!" हेडमास्तरांचा चेहरा उजळला. तो फार वेळ उजळलेला राहिला नाही.

आधी शेवंताबाई उठल्या. "माह्या पोरीचं गानं कवा हाय?"

कार्यक्रमात गाणं नव्हतंच.

मग सोनाजी आजोबा काठी टेकत पुढे आले. मंडलच्या साहेबांना जुन्या काळातली शाळा कशी होती ते विचारायचंय, असं त्यांना कळलं होतं. त्यांच्या मागून पाटील. शाळेच्या कुंपणानं त्यांची बैलगाडीची वाट अडली होती, तीन वर्षं ते भांडत होते. आज त्याचा फैसला आहे, अशी त्यांना इत्तला होती. गोविंदाला सांगितलं होतं की त्याच्या मुलाचं अक्षर साहेब बघणार आहेत. त्यानं पोराची पाटी उपरण्यात गुंडाळून आणली होती, अक्षर पुसू नये म्हणून दोन हातांवर धरून.

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी गिरजामायकडे. ती माठापाशी उभी राहून पेले विसळत होती.

साहेब विचारत होते, ही माणसं काय म्हणतायत? तेव्हा आमच्या सरळ रेघेच्या हेडमास्तरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "सर, आता गाणं आहे."

शेवंताची पोरगी गायली. साहेबांनी विचारलं तसं सोनाजी आजोबांनी उर्दू शाळेतल्या छडीपासून सुरुवात केली ती थांबेचनात. साहेबांनी गोविंदाच्या पोराची पाटी हातात घेतली, उन्हाकडे धरली आणि म्हणाले, "चाला बागुंदी." गोविंदाला तेलुगू येत होतं. फार छान आहे, हे त्यानं शेजारच्या चौघांना मराठीत सांगितलं. कुंपण दोन हात मागे घ्यायचं ठरलं. सभा दोन वाजेपर्यंत चालली. जाताना साहेबांनी शेरा लिहिला की पालकांचा सहभाग उत्तम. माझी बदली टळली.

जीप गेल्यावर हेडमास्तरांनी तिला बोलावलं. "गिरजाबाई, तुम्ही सगळ्यांना खोटं सांगितलंत."

"खोटं कुठं साहेब? पोरीनं गानं म्हनलं का नाई? म्हाताऱ्याले साहेबानं इचारलं का नाई?"

"पण तुम्ही सांगितलं तेव्हा तसं काही नव्हतं."

"सांगतलं तवा नोतं. आता झालं ना."

हेडमास्तरांनी साहेबांचा शेरा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "चहा आणा." तिच्यासाठीही एक कप आणायला सांगितला, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

असं सगळं सुखानं चाललं होतं. त्याच हिवाळ्यात एक दिवस तिनं रजा मागितली. दप्तराप्रमाणे पाच वर्षांत पहिली. कशाला, ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आली ती गप्पच. झाडून झालं, पाणी भरून झालं, आणि संध्याकाळी गावात न जाता पायरीवर खडूचे तुकडे निवडत बसली. मी शेजारी बसलो.

तिचा एकुलता एक मुलगा मिलिंद आदिलाबादला एका ऑफिसात क्लार्क. शहराला लागूनच मावल्याला घर. तिनं दुसऱ्यांच्या शेतात निंदणं-खुरपणं करून त्याला शिकवलं, हे गावाला माहीत होतं. नातू राहुल शहरातल्या एका इंग्रजी शाळेत दुसरीला. त्या शाळेचं संमेलन आहे, हे तिला बाजारात कुणाकडून तरी कळलं. म्हणून ती गेली होती.

"वाचमननं इचारलं, कार्ड उंदा? हाय का म्हने. म्या म्हनलं, नाई बापा. तो म्हने कार्ड पायजे. आईबापाले दिलं हाय."

"मिलिंद भेटला नाही?"

"आत असंन. म्या बाहीरच उभी राह्यली, भिंतीपाशी. भोंगा होता ना. राहुल बोलला त्याच्यातून. इंग्रजीत."

"समजलं?"

"आवाज समजला." ती हसली. "नाकात बोलते अजून."

"वाचमनला नाव सांगायचं. मिलिंदला बोलावलं असतं त्यानं."

तिनं खडूचा एक तुकडा बोटांत फिरवला. "बोलावनं नोतं ना गुर्जी. बोलावल्याबिगर कसं जावं?" आणि लगेच, "त्याले काई म्हनू नका. इसरला असंन. कामाचा मानूस हाय."

मी तिला शब्द दिला आणि मिलिंदला काही म्हटलं नाही. फक्त एक कार्ड टाकलं. आमच्या शाळेचं संमेलन रविवारी दुपारी आहे, मुलाला घेऊन यावं, एवढंच.

रविवारी सगळं गाव आलं. मिलिंद आला नाही. कार्यक्रम झाला, खाऊ वाटून झाला, माणसं घरी गेली. मी पडदा सोडत होतो आणि माय सतरंज्या झटकत होती, तेव्हा आदिलाबादची बस आली. वाटेत चाक पंक्चर झालं होतं. तिघं उतरली. मिलिंद, त्याची बायको आणि इस्त्रीचे कपडे घातलेला राहुल.

मायच्या हातातून सतरंजीचं टोक सुटलं.

"तुमी? काऊन? सगळं बरं हाय ना?"

"कार्ड आलं होतं," मिलिंद म्हणाला.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पडद्याच्या गाठीत गुंतलो होतो.

राहुलनं रिकामं अंगण बघितलं. "आजी, कार्यक्रम संपला?"

"संपला. पन शाळा हाय ना," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून आत गेली.

पहिलीच्या कोपऱ्यापासून तिनं सुरुवात केली. इथे कोण बसतं, कोणाला काय येतं, कोण कशावरून रडलं, कोणाच्या दातांनी पाटीची चौकट कुरतडली आहे. राहुलचे नाकातले प्रश्न बाहेर ऐकू येत होते. सून दाराशी उभी राहून ऐकत होती.

मिलिंदनं सतरंजीचं दुसरं टोक उचललं. आम्ही दोघं घड्या घालत राहिलो.

"आईनं कधी बोलावलंच नाही इकडे," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"त्यांनाही तुमच्याबद्दल तसंच वाटत असेल."

त्यानं घडी बाजूला ठेवली आणि वर्गातून येणारा आईचा आवाज ऐकत पुढची सतरंजी उचलली.

पुढच्या गावाला जाऊन बस परत आली. ती शेवटची. कंडक्टरनं दोनदा शिट्टी मारली. आत दुसरी संपून तिसरी सुरू झाली होती, आणि चौथी-पाचवी अजून राहिली होती. मिलिंदनं घड्याळ बघितलं, पण हाक मारली नाही.

मीच रस्त्यावर गेलो.

"एंत सेपु, सार?" कंडक्टरनं वैतागून विचारलं. किती वेळ?

"पाच मिनिटं," मी म्हणालो, आणि बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिलो.