शलाकाचे काटे आणि आईचं तळं

एका जंगलात एक तळं होतं. बाळांनो, मांडीवरचं ते चमकणारं जरा पालथं घाला. बरं, नका घालू. आवाज तरी बंद करा.

तर तळं. साधंसुधं नव्हतं ते. त्यात डोकावलं की आपलं रूप जंगलातल्या सगळ्या तळ्यांत उमटायचं. रूप आवडलं की बघणाऱ्याने पाण्यात खडा टाकायचा. ज्याच्या रूपावर तरंग जास्त, तो थोर. थोरवी ठरवायची याहून सोपी रीत जंगलाला माहीत नव्हती.

काठाजवळच साळू नावाची साळिंदरीण राहायची. चांगली शिकलेली होती. तिला मुलगी झाली, शलाका.

साळिंदराच्या पिल्लाचे काटे जन्मतः मऊ असतात. थोड्याच वेळात टणक होतात. म्हणून साळूने घाई केली. पिल्लाला पुसायच्या आधीच तळ्याकाठी नेलं. "मऊ आहेत तोवर दिसू देत सगळ्यांना!" खड्यांचा नुसता पाऊस पडला. शलाकाने आईला नंतर पाहिलं. आधी स्वतःला पाहिलं.

शलाका मोठी झाली, आणि एक दिवस बाभळीचा डिंक घेऊन काटे अंगाशी चापून बसवायला लागली.

"हे काय चाललंय गं?"

"माझे काटे दिसतात, आई."

"दिसणारच. साळिंदर आहेस तू."

"तळ्यातली पुष्पी बघ. कशी मऊ मऊ! किती तरंग तिला!"

"ती ससा आहे, राणी."

"मग मला साळिंदर कुणी केलं?"

साळू पुस्तकं चाळायला लागली.

डिंक वाळला. काटे उभे राहीनात. आणि जंगलात तरस फिरत होतं. काटे उभारता न येणाऱ्या साळिंदराला तरस काय म्हणतं, ठाऊक आहे? जेवण.

"आजपासून तुझं तळं बंद!" साळू ओरडली. आणि मुलीचं तळं बंद कसं ठेवायचं, हे विचारायला तळ्यावर गेली.

तिथे बगळे सर होते. एका पायावर उभं राहून आयांना सल्ला द्यायचे. "मुलींना पाण्यात बघू देऊ नका," ते म्हणाले, आणि एक मासा गिळला. "पुढचा मुद्दा उद्या. नक्की बघा."

आया माना डोलवत होत्या. त्यांत पुष्पीची आईही होती.

"तुमच्या पुष्पीचं बरंय हो," साळू म्हणाली.

"कसलं बरंय! कान लांब दिसतात म्हणून दिवसभर दुमडून बसते. आणि तुमच्या शलाकाचे काटे बघून रडते. म्हणते, मला कुणी घाबरतच नाही."

हे घरी जाऊन लेकीला सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात बगळे सरांनी नवा विषय काढला.

मग साळू रोजच काठावर बसू लागली. शलाका मागे करवंदीच्या जाळीत एकटी.

"आई, भूक लागली."

"थांब गं, तुझ्याबद्दलच विचारतेय ना!"

"आई, माझ्याशी खेळ ना."

"मुलींशी खेळण्याचे फायदेच सांगतायत. ऐकू दे."

एका दुपारी शलाका हळूच म्हणाली, "आई, तरस."

"हो, सर त्यावर पण बोलणार आहेत."

तरस दबक्या पावलांनी येत होतं. शलाकाकडे नाही. पाण्यात मान घालून बसलेल्या, काटे सैल सोडलेल्या आईकडे.

शलाकाने अंग ताठ केलं. काही होईना. पुन्हा केलं. डिंक तडकला. काही काटे मुळासकट उपटून निघाले, रक्त आलं. बाकीचे सळसळत उभे राहिले. साळिंदर पाठमोरंच चाल करतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती वळली आणि उलट्या पावलांनी थेट तरसाच्या तोंडावर आदळली.

"अगं आई गं!" तरस केकाटलं. "हिला काटे आहेत! तळ्यात तर दिसत नव्हते!"

आणि पळालं.

आता कुठे साळूने मान वर केली. लेक समोर उभी होती. काटे खडे, पाठीवर रक्त. नाकातून सूं सूं करत आईकडे बघत होती.

साळूचे डोळे भरून आले. ती धावत पुढे आली.

"राणी माझी! अशीच उभी राहा. हलू नकोस. थोडी पाण्याकडे सरक, उजेड इकडून आहे. आणि ते तरस... फार लांब नसेल ना गेलं?"

त्या दिवशी इतके खडे पडले की विचारू नका. बगळे सरांनी 'निर्भय कन्या घडवताना' या विषयावर साळूलाच बोलायला बोलावलं. फक्त शलाकाने काटे खाली घेतले नाहीत. आई जवळ घ्यायला आली तेव्हाही नाही.

तात्पर्य : मुलींना तळ्यापासून लांबच ठेवावं. काठावर आयांना बसायला जागा पुरत नाही.