जकातवाले काका आणि हद्दीबाहेरचा माल

आमच्या कॉलनीतले साळवे काका कोथिंबिरीची जुडी हातात घेण्याआधी गाड्यावरच्या क्यूआर कोडकडे बोट दाखवून भाजीवाल्याला विचारतात, "तुझा सर्व्हर कुठंय?" तो बिचारा गाड्याखाली वाकून बघतो. "काका, इथं तर नुसते कांदे हायेत."

काकांची सगळी नोकरी पैठण रोडच्या जकात नाक्यावर गेली. जकात बंद झाली, नाका पाडला, काका मात्र अजून ड्यूटीवरच आहेत. आता ते माहितीची जकात बघतात. देशाची माहिती देशातच राहिली पाहिजे, यावर ते दूधवाल्यालाही सोडत नाहीत, मग मी कुठला सुटतोय?

"तुमी सकाळी फोनवरून खालच्या मजल्यावर गुलाबाचं फूल पाठवता. ते आधी परमुलखात जातं, मग जिना उतरतं. बिनपावतीचा माल!" म्हणून स्वतःचं 'सुप्रभात' ते कागदावर लिहून जिन्यात चिकटवतात. सरकारनं माहितीच्या कायद्यावर सूचना मागवल्या, तेव्हा यांनी थेट दिल्लीला कळवलं : देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक केबलवर एक नाका, दोन कारकून आणि एक माठ ठेवावा.

गेल्या महिन्यात काकांचा फोन बादलीत पडून कायमचा गेला. नवा घेऊन ते माझ्याकडे आले. तो सुरू करून देताना मी म्हणालो, "काका, काही गेलं नाही. फोननं सगळं आपणहून परदेशातल्या सर्व्हरवर जपून ठेवलंय."

मला वाटलं, आता तासभर भाषण. पण काका माझ्याजवळ सरकले.

"आमच्या हिचा आवाज बी तिकडंच?"

काकू दिवाळीआधी गेल्या. त्यांनी बोलून पाठवलेला एकच निरोप जुन्या फोनमध्ये होता.

"ती पाचोडच्या बाजाराला बी कधी एकटी गेली नाय. परत आण बाबा तिला."

मी निरोप नव्या फोनवर उतरवून घेतला आणि लावला. काकूंचा खणखणीत आवाज आला, "अहो, दळण आणा. आन् चपला घालून जावा, मागल्या वेळंसारखं करू नका." काका हसले, मग रडायला लागले. मलाही राहवेना.

"तिथली प्रत पुसून टाकू ना?" मी विचारलं. त्यांचाच नियम होता तो.

काकांनी माझा हात घट्ट धरला. "नको, राहू दे. लई हौस होती तिला फिरायची. मी कुठं नेलंच नाय."

मग हळूच म्हणाले, "तिथं जवळ समुद्र असंल का रे? तिला बघायचा व्हता."

"असेल, काका," मी म्हणालो.