मटणवाल्याच्या घरचा उपास

"मी उद्यापासून व्हीगन," असं बिट्टीने जाहीर केलं तेव्हा तिच्या हातात कोंबडीची तंगडी होती आणि तीही अर्धी संपलेली.

घर मटणवाल्याचं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. बिट्टीचे बाबा, त्यांचे बाबा आणि त्यांचेही बाबा त्याच एका लाकडी ठोकळ्यावर सुरा चालवत आले होते. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासकाळ येई, तेव्हा हे कुटुंब फक्त शुक्रवारचं मांस सोडत असे. तेही आज खरंच शुक्रवारच आहे ना, याची दोनदा खात्री करून.

"व्हीगन म्हणजे काय गं?" आजीने विचारलं. आजी म्हणजे बाबांची आई. वय एकोणऐंशी, स्वतःचे दात पाच, भूक मात्र अखंड.

"म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, दूध-लोणी नाही, मधसुद्धा नाही. ईस्टरपर्यंत."

"मग राहिलं काय?"

"भाज्या, कडधान्यं, फळं, दाणे."

"हे सगळं बकऱ्या खातात."

"हो ना आजी. आणि आपण बकऱ्या खातो. मधला दलाल काढून टाकायचा, एवढंच."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईला मात्र हसू आलं नाही. "नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेली काय, आणि लागली अक्कल शिकवायला! तीन दिवस टिकशील. चौथ्या दिवशी फ्रिजमध्ये डोकं घातलेली सापडशील."

लेकीच्या बाबतीत बाबांचा सुरा पहिल्यापासून बोथट. तिला कोणी कमी लेखलं की त्यांना राहवत नसे. "माझी पोरगी बोलली की करते!" ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "आणि एकटी नाही करणार. मीही करतो तिच्याबरोबर!"

हे वाक्य कोण बोललं म्हणून सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यात बाबाही होते.

पहिला दिवस कोबीत गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा चोरपावलांनी स्वयंपाकघरात आले आणि अंड्यांच्या टोपलीत हात घातला. तेवढ्यात फ्रिजवर चिकटवलेला कागद दिसला. बिट्टीने दोन रकाने आखले होते, एकावर 'मी', दुसऱ्यावर 'बाबा', आणि बाबांच्या रकान्यात पहिल्या दिवसाची खूण ठसठशीत, शेजारी हसरा चेहरा काढलेला. बाबांनी अंडं अगदी हळूच, झोपलेल्या बाळाला ठेवावं तसं परत ठेवलं आणि बिनदुधाचा चहा घेऊन दुकान उघडलं.

त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. दिवसभर हाताने सॉसेज भरायचे आणि तोंडाने भाजलेले दाणे चघळायचे, असा क्रम सुरू झाला. पँट दोन बोटं सैल झाली, चेहरा चार बोटं लांबला. पण बिट्टीकडे पाहून त्यांना धीर येई. पोरगी कशी टवटवीत दिसत होती! गालांवर लाली, चालण्यात उड्या. "बघितलंस?" ते बायकोला म्हणत. "कडधान्याचा गुण आहे हा. माझ्या अंगी अजून लागायचाय."

चौथ्या आठवड्यात गिऱ्हाइकं कमी होऊ लागली. रस्त्यापलीकडे सहा महिन्यांपूर्वी दुसरं मटणाचं दुकान निघालं होतं. बाबा त्याच्या मालकाचं नाव घेत नसत, नुसतं 'समोरचा' म्हणत. आजवर समोरच्याकडे फक्त अनोळखी माणसं जात. आता निवृत्त मुख्याध्यापिका बाई, ज्यांनी अर्ध्या गल्लीला आणि खुद्द बाबांना तिसरीत शिकवलं होतं, त्याही दुकानासमोरून मान ताठ ठेवून पलीकडे गेल्या. बाबांच्या पोटात गोळा आला. दुसरं काही फारसं नव्हतंच तिथे.

"बातमी फुटली," ते रात्री जेवताना म्हणाले. "मटणवाला स्वतःच्या दुकानातलं खात नाही, हे लोकांना कळलं. मग त्यांना वाटणारच, मालात काहीतरी खोट आहे."

"मग सांगून टाका ना, उपास आहे म्हणून," आई म्हणाली.

"मटणवाल्याचा उपास? त्यावर कोण विश्वास ठेवील? मी स्वतः ठेवला नसता."

बिट्टी ताटात बघत राहिली. तिने त्या रात्री जेवण अर्धंच केलं.

बाबांनी मग डोकं चालवलं, आणि गोष्टी बिघडायला तिथूनच सुरुवात झाली. आपण खाऊ शकत नसलो तरी घरातलं कोणीतरी खाताना दिसलं पाहिजे. आजीला दुकानाच्या दारात खुर्ची मांडून दिली, हातात ताटली दिली. आजीने रीतसर सकाळी नऊला ड्यूटी सुरू केली. येणाऱ्याजाणाऱ्याला हाड दाखवून ती म्हणे, "लोणी आहे हो, लोणी!" दोन दिवस चांगले गेले. चार जुनी गिऱ्हाइकं परतही आली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्ता माणसांनी भरलेला असताना, आजी पोट धरून खुर्चीत वाकडी झाली. "अगं आई गं, मेले!" हे तिचे शब्द कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत गेले. डॉक्टर धावत आले. आजीला वर नेऊन त्यांनी तपासलं आणि ओरडले, "या वयात दिवसाला सहा वेळा मटण?" पण हे ते वर बोलले. खाली लोकांनी फक्त डॉक्टरांची बॅग आत जाताना पाहिली.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की त्याच्या सख्ख्या आईलाच त्याचं मटण बाधलं.

ईस्टर पाच दिवसांवर आला. एरवी या आठवड्यात ऑर्डर लिहायला वही पुरत नसे. यंदा वहीत तीन नावं होती आणि त्यांतलं एक मेहुण्याचं. असा ईस्टर गेला तर दुकान समोरच्याने खाल्लंच म्हणून समजा. तीन पिढ्यांचा ठोकळा आपल्या हयातीत थंड पडणार, या विचाराने बाबांना झोप येईना.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी निर्णय घेतला. दुकानासमोर टेबल मांडलं, बायकोकडून एक मोठा तुकडा भाजून आणवला आणि स्वतः घरोघर जाऊन लोकांना बोलावलं. पन्नासएक माणसं जमली. बाई पुढे, छत्री टेकून.

बाबांनी काट्याला तुकडा लावला. मग थांबून शेजारी उभ्या असलेल्या बिट्टीकडे वळले. "पोरी, माफ कर मला," ते म्हणाले. "मी मोडतोय. पण तू मोडू नकोस. बापाच्या वाट्याचंही तूच पार पाड."

"बाबा, नका ना खाऊ!" बिट्टी रडायलाच लागली.

"खाऊ दे त्याला! त्याच्या खाण्याचा प्रश्न कुठे आहे?" बाई कडाडल्या. "अरे, तू काय खातोस आणि काय नाही, याची इथे कोणाला पडलीय? मला एवढंच सांग, तुझी ही लेक आठवड्यातून तीनदा समोरच्याकडे सॉसेज खायला का जाते? मी या डोळ्यांनी पाहिलंय. मटणवाल्याची पोरगी बापाचं दुकान सोडून पलीकडे जाते, ती काय उगाच?"

काटा हवेतच राहिला. बाबांनी सावकाश मान वळवली.

"चौथ्या दिवशी," बिट्टी हुंदके देत म्हणाली. "कॉलेजातून येताना. त्याने दारातच शेगडी मांडलीय, बाबा! आपल्याकडचं घेतलं तर तुम्हाला कळलं असतं."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"तुम्ही इतकं मनापासून करत होता! तुम्ही एकटे पडला असता."

"मनापासून?" बाबा ओरडले. "अगं, मी दुसऱ्याच दिवशी अंड्याला हात घातला होता! तुझ्यासाठी मागे घेतला! सहा आठवडे मी कोबी खाल्ला तो कोणासाठी?"

लोकांना काही उमजेना, म्हणून आईने पुढे होऊन पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाईंनी ते गृहपाठ तपासल्यासारखं ऐकून घेतलं. "म्हणजे खोट मटणात नाही, मुलीत आहे," त्यांनी निकाल दिला.

"आणि मला बाधलं नव्हतं, जास्त झालं होतं!" वरच्या खिडकीतून आजी ओरडली. "दोन्हींत फरक आहे!"

मग जो हशा उसळला तो समोरच्याच्या दुकानातही ऐकू गेला. बाबाही हसू लागले, आणि हसता हसता काटा हळूहळू तोंडाकडे नेऊ लागले.

"ठेव तो खाली," बाई म्हणाल्या. "तिसरीत तेराचा पाढा तू कधी सातच्या पुढे नेला नाहीस. चार दिवस उरलेत. हे तरी शेवटाला ने."

बाबांनी काटा खाली ठेवला. तो तुकडा अखेर बाईंनीच खाल्ला, मान डोलावली आणि दोन किलोंचं नाव लिहायला लावलं. त्यांच्यामागे रांग लागली. वहीची पानं संपली तेव्हा बिट्टीने नर्सिंगच्या वहीतली फाडून दिली.

रात्री सगळे जेवायला बसले. बाबांच्या ताटात कोबी होता. बिट्टीच्या ताटात काय वाढावं हे न कळून आईने काहीच वाढलं नव्हतं. बाबांनी दोन घास खाल्ले, चमचा ठेवला आणि विचारलं, "समोरच्याचा सॉसेज असतो कसा?"

बिट्टीने आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. खोटं बोलून बोलून ती थकली होती. "आपल्यापेक्षा चांगला," ती म्हणाली.

बाबा उठले. आतून पेन्सिल आणि कागद घेऊन आले, चष्मा लावला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"काय घालतो त्यात?"

"मिरी जास्त वाटते. आणि आणखी कसलातरी वास येतो. नीट सांगता नाही यायचं."

"मग उद्या परत जा. सावकाश चाव. शेगडीवर किती वेळ ठेवतो तेही बघून ये."

"मी?" बिट्टी चकित झाली. "आणि कोणी पाहिलं तर? तुम्हीच जा ना, बाबा."

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मी कसा जाणार? मला उपास आहे. तुला थोडाच आहे?"