पाच नंबरची बशी

एक चावून बघावं, एवढंच अंकुशने ठरवलं होतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं बायोलॉजीचं प्रॅक्टिकल. टेबलांवर नंबर टाकून नमुने मांडलेले. रोल नंबरने एकेकाने जायचं, एका मिनिटात ओळखायचं, मोजायचं, लिहायचं. घंटा वाजली की पुढचं टेबल. पाच नंबरच्या बशीत वाळलेलं, तपकिरी, सुरकुतलेलं काहीतरी होतं आणि वरचा बल्ब नेमका गेलेला. अंकुश जंगलातल्या गावचा. मोहफुलं नवी की जुनी, हे त्याची आई धुरपताबाई एक चावून सांगायची. परीक्षक सर चहाकडे वळले तशी अंकुशनेही एक चावलं, गिळलं आणि लिहिलं, 'मोहफूल. माल जुना आहे.' (गेल्या वर्षी गडी याच प्रॅक्टिकलात दोन मार्कांनी आपटला होता. यंदाही आपटला तर मामाच्या पिठाच्या गिरणीवर बसायचं, असं घरी पक्कं झालं होतं.)

बाहेर सायकल स्टँडपाशी उत्तरं जुळवणं सुरू झालं.

"पाच नंबरले काय लिहिलं वो?" पियुषने विचारलं.

"चितळाच्या लेंड्या. सहा," दिव्यानी म्हणाली. ती वर्गात पहिली यायची, म्हणजे उत्तर तेच.

अंकुशच्या पोटात काहीतरी हललं. बहुतेक तीच असावी.

"सहा?" पुनम पांढरी पडली. "पाचच होत्या ना! मी दोनदा मोजल्या."

"सहाच होत्या," पियुष म्हणाला.

दिव्यानीने वही काढली आणि एकेकाला रोल नंबर विचारायला लागली. अंकुश नळावर गेला, चूळ भरून आला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा परतला तेव्हा दिव्यानी म्हणत होती, "सोळापर्यंत सगळ्याइच्या सहा. अठरापासून सगळ्याइच्या पाच. सतरा कोण हाय?"

सतरा नंबर ओल्या तोंडाने उभा होता. अजूनही निसटता आलं असतं. पण अठरा नंबरची पुनम रडायला लागली. "एका मार्कानं माहा फर्स्ट क्लास जाईन." अंकुशला स्वतःचीच लाज वाटली. पोरगी बरोबर मोजून फसली होती, तीही त्याच्यापायी.

"पुनम, तू बरोबर हायेस," तो म्हणाला. "सहावी म्या खाल्ली."

पियुष दोन पावलं मागे सरकला.

"काऊन पण?" त्याने तिथूनच विचारलं.

"मले वाटलं, मोह हाय."

तेवढ्यात लॅबचे वारलूभाऊ चाव्या घेऊन बाहेर आले. पुनम धावलीच. "भाऊ, पाच नंबरचं माहं चुकलं का?"

"रडतं कायले, बाई? सरांनी आत्ताच तपासले. बशीत एक कमी दिसली, उंदरानं नेली म्हणाले. पाच आन सहा, दोन्ही बरोबर धरले."

सगळ्यांनी उंदराकडे पाहिलं. आता खरं बोलून काय मिळवलं, हे त्यालाही कळेना.

"आन एकानं मोहफूल लिहिलं," वारलूभाऊ पुढे म्हणाले. "त्याले सरांनी अर्धा मार्क देल्ला."

अंकुशच्या जिवात जीव आला. "अर्धा कायचा, भाऊ?"

"माल जुना हाय म्हणून लिहिलं होतं त्यानं. सर म्हणाले, तेवढं बरोबर हाय. लेंड्या तीन वर्षांच्या हायेत."