मेम्ब्रेनचा गळा कोणी दाबला?

"स्वतःचं नाव सांगायची मला सवय नाही," मामा साहेबांना म्हणाले. "मी नुसता दारात उभा राहिलो, की गुन्हेगार आधी घाम पुसतो, मग कबुली देतो. तीस वर्षं हरवलेल्या सामानाच्या कचेरीत काढली. या नजरेतून एक छत्री सुटलेली नाही."

भाचीने मान खाली घातली. तिच्या दोन छत्र्या मामांनीच हरवल्या होत्या.

ती या जलशुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ होती; नेमणूक अजून कच्चीच. इथलं पाणी शेवटी मेम्ब्रेनमधून गाळलं जाई. मेम्ब्रेन म्हणजे दोऱ्यासारख्या पोकळ नळ्यांचे जुडगे, आणि त्या नळ्यांच्या भिंतींना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. दोन महिने ही छिद्रं सारखी बुजत होती. दाबमापकाचा काटा चढे, गावातल्या नळांची धार करंगळीएवढी होई आणि लोक केंद्रप्रमुख साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. साहेबांच्या मते, पाण्याची तपासणीच चुकत होती. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर भाचीला घरी बसवायचं पत्र तयार होतं. हे सांगत ती आईजवळ रडली, आई भावाजवळ रडली, आणि मामा भिंग घेऊन हजर झाले.

"संशयित कोण कोण?" मामांनी वही उघडली.

"जिवाणू असू शकतात. ते चिकट थर करून राहतात."

"टोळी. नावं?"

"मामा, ते लाखो असतात."

"म्हणजे एकत्र कुटुंब. अशा घरात कोणी ना कोणी फुटतोच."

भाचीने थर खरवडून तपासला. जिवाणू मोजकेच निघाले. मामांनी त्यांना पुराव्याअभावी सोडून दिलं आणि तलावातल्या बदकाकडे मोर्चा वळवला. तासभर ते काठाने त्याच्या मागे चालले. बदक शांत होतं. 'सराईत दिसतो,' मामांनी वहीत लिहिलं आणि त्याला धरायला साहेबांकडे दोन माणसं मागितली.

बुधवारी पाळी पहिल्या शिफ्टच्या ऑपरेटरवर आली, कारण त्याला दाढी होती.

"केस गळून छिद्रात अडकतात," मामा म्हणाले.

"छिद्र केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढंही नाही, मामा."

"म्हणजे कुटून टाकतोय. भयंकर माणूस आहे."

गुरुवारी दुपारी काटा पुन्हा चढला. मामा तडक पॉलिमरच्या खोलीत शिरले. पॉलिमर पाण्यातल्या बारीक गाळाचे गोळे बांधतं, म्हणजे ते तळाशी बसतात. मामाही दारातच घसरून तळाशी बसले.

"हा अपघात नव्हे," ते फरशीवरून म्हणाले. "हा माझ्यावर झालेला भ्याड हल्ला आहे."

"हल्ला कसला, दुपारचा पेला सांडलाय," झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या. "सरका, पुसू द्या."

"दुपारचा पेला म्हणजे?" भाचीने विचारलं.

"प्रत्येक शिफ्टला एक असतो ना. पूर्वी हे पॉलिमर पंपानेच जायचं, मी आठवड्याला एकदा फडकं मारायचे. आता दिवसातून तीनदा. आणि घरी नेलेली रिकामी पिंपं इतकी झाली, की जावई म्हणतो, सासूबाई, लग्नात एवढी भांडी दिली असती तर."

भाचीने तिन्ही ऑपरेटरांना एकेकटं गाठलं. तिघांनीही छाती फुगवून एकच सांगितलं: "पंपाचा काय भरवसा? मी आपला वरून एक पेला टाकतो. बाकीचे दोघं कामचुकार."

पॉलिमर इतकं जास्त झालं होतं, की त्याला धरायला गाळच उरत नव्हता. मग ते पुढे जाऊन मेम्ब्रेनलाच चिकटे. छिद्रं बुजली, की प्रत्येकाला वाटे, पाणी फार गढूळ आहे. आणि पेला आणखी काठोकाठ भरे. रोग्याला धाप लागते म्हणून तिघं आळीपाळीने त्याच्या तोंडात बोळा कोंबत होते.

"मला पहिल्यापासून तिघांचाच संशय होता," मामा म्हणाले.

"तुम्ही बदकाला पकडत होतात."

"ते त्यांना गाफील ठेवायला."

पेले जप्त झाले. मेम्ब्रेन रसायनांनी धुतलं आणि काटा खाली आला. शुक्रवारी सकाळी मात्र तो पुन्हा किंचित हलला. भाचीने मावशींकडे पाहिलं.

"ते तिघं आता सरळ झालेत," मावशी फडकं पिळत म्हणाल्या. "पण साडेनऊला एक चौथा सांडतो. त्याबद्दल मी कधी बोलले नाही. नोकरी मलाही आहे."

दहा वाजता साहेब पत्र घेऊन आले. "काटा हललाय. पत्रात काय कारण लिहू, सांगा."

"साडेनऊचा पेला लिहा, साहेब."

साहेबांनी नकळत पँटच्या गुडघ्याकडे पाहिलं. तिथे एक चकचकीत डाग होता. मामा भिंग घेऊन वाकले.

"मला वाटलं, बाकीचे कोणी लक्ष देत नाहीत," साहेब हळूच म्हणाले.

"सगळ्यांना तेच वाटलं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पत्राची घडी करून खिशात घातली. "पक्क्या नेमणुकीचा कागद घेऊन या," ते म्हणाले. "आणि त्या खोलीला कुलूप लावा. किल्ली मावशींकडे द्या. मी मागितली तरी देऊ नका म्हणावं."