नानांचा ब गट

मी शनिशिंगणापुरात चोरी केली आहे. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या गावात घरांना दारं नसतात. चोरी करणाऱ्याला देव बघून घेतो, अशी श्रद्धा. अशा गावात मी, तेल आणि रुईच्या माळा विकणारा देवभोळा माणूस, शेजाऱ्याच्या घरात शिरलो आणि एका इंग्रजी शब्दाचा अर्थ उचलून आणला.

शेजारी म्हणजे दत्तूनाना. देवळाच्या वाटेवर माझं दुकान आणि त्यांचं चप्पल स्टँड लागूनच. तरुणपणी नाना बँकेच्या परीक्षांना बसायचे. परीक्षा हुकत गेल्या, वय निघून गेलं, पण त्यातला 'जोड्या लावा' हा प्रश्न अंगात मुरला तो मुरलाच. अ गटात अवघड इंग्रजी शब्द, ब गटात त्यांचे अर्थ. शब्दाची चिठ्ठी दिसेल त्याच्या हातात कोंबायची, अर्थ मात्र स्वतःकडे.

"शब्द तुझा, अर्थ माझ्याकडं. सांच्याला घरी ये, जोडी लाव."

नारळवाल्या बबनला एकदा 'गॅरुलस' मिळाला. तो दिवसभर धुसफुसला. शेवटी म्हणाला, "नाना, शिवीच द्यायची तर मराठीत द्या की. मला बी उलटी देता येईल!" भाविकांनाही चपलांच्या बिल्ल्याबरोबर शब्द मिळायचा. एक बाई दर्शन उरकून धावत आली, तिची गाडी हॉर्न मारतेय आणि नाना विचारताहेत, "ताई, 'फ्रूगल' म्हंजी काय? तीनातलं एक सांगा."

"भाऊ, चपला द्या, अर्थ राहू द्या!"

संध्याकाळी खरोखर जाणारा मी एकटाच. मला फारसं बोलता येत नाही, आणि तिथे बोलावं लागत नसे. नाना बाजेवर तीन अर्थ मांडायचे. जोडी जुळली की पूर्ण कप चहा, चुकली की अर्धा. "उरल्या अर्ध्याला उद्या ये." नानांची बायको, काकू, होत्या तोवर त्या भाकरी थापता थापता मला बरोबर चिठ्ठी डोळ्यांनी खुणवायच्या. त्या गेल्या आणि माझा चहा अर्ध्यावर आला. कधीमधी जोडी जुळलीच, तर काम झालं म्हणून मी पुढे काही दिवस फिरकत नसे.

मग 'पर्स्पिकेशियस' आला आणि मी अडकलो. रोज नव्या तीन चिठ्ठ्या, रोज चूक. नाना खुशीत. "डोस्कं हाय का खोकं?"

बायको म्हणायची, "अर्ध्या कपासाठी कशाला जाता? घरी अख्खा देते की."

मला चीड आली. एका दुपारी नाना स्टँडवरच्या गर्दीत असताना मी त्यांच्या घराचा पडदा सारला, अर्थांच्या चिठ्ठ्या ठेवायचा बिस्किटाचा डबा उघडला. माझ्या शब्दाच्या अर्थाची चिठ्ठी तळाशी, कागदाखाली वेगळी ठेवलेली होती. का, हा विचार मी केला नाही. 'दुसऱ्याच्या मनातलं चटकन ओळखणारा,' असं वाचलं आणि चिठ्ठी खिशात घातली. दुपारभर डावा डोळा फडफडत होता. देवानं शिक्षेला सुरुवात केली म्हणून सारखा धूत होतो.

संध्याकाळी नानांनी तीन चिठ्ठ्या मांडल्या. मी चिठ्ठ्यांकडे न बघताच रुबाबात उत्तर ठोकलं.

नानांनी बाजेकडे बघितलं. मग मी खाली बघितलं. तीन चिठ्ठ्या तिथे होत्याच, रोजच्यासारख्या. बरोबर चिठ्ठी माझ्या खिशात, तरी त्यांत एकही कमी पडली नव्हती. बरोबर चिठ्ठी नानांनी कधी मांडलीच नव्हती. जोडी जुळली असती, तर मी उद्या आलो नसतो.

"ह्यात न्हाई त्ये, संपत," नाना हळूच म्हणाले. "पर बराबर हाय."

त्यांनी मला पूर्ण कप दिला. स्वतःसाठी ओतायला विसरले.

दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, "नाना, आज शब्द न्हाई?"

"तुला आता काय शिकवायचं रं? तू पास झाला." आणि हसले.

हल्ली भाविकांना नुसताच बिल्ला मिळतो. संध्याकाळी मी दुकान आवरतो, नानांच्या पडद्यावरून पुढे जातो आणि घरी अख्खा कप पितो.

नानांकडे जाऊन चोरी कबूल करायची आणि एक नवा शब्द मागायचा, एवढं माझ्याकडून राहिलं आहे.