मागनं येणारी शिट्टी

आमचे डॉमनिक अंकल एरवी देवमाणूस, पण जंगलात कुणी मागे वळून पाहिलं की भडकतात. मुलुंडच्या डोंगरातल्या राखीव जंगलात शाळेच्या मुलांना आणि आम्हा स्वयंसेवकांना तेच फिरवतात. गेटवर पहिला धडा ठरलेला. पुढे अंकल, सगळ्यात मागे एक स्वयंसेवक. वळण आलं की अंकल एक शिट्टी मारणार, मागच्याने दोन मारायच्या. "शेवटचं माणूस आलं की सगळी आली. काय समजला?" मग आवाज खाली आणून, "तुमच्या पण मागनं शिट्टी आली, तर वळायचं नाय."

मुलं एकमेकांना खेटायची. मला वाटायचं, म्हातारा पोरांना गप्प करायला भुताची भीती घालतोय. तसा माणूस वल्लीच. दहा पावलांवरून खिशातल्या वेफर्सचा वास घेतो. एकदा अंधेरीच्या कुठल्याशा कंपनीच्या मोठ्या साहेबांनी कोळ्याचं जाळं तोडलं, तर अंकलनी त्यांना कोळ्याला सॉरी म्हणायला लावलं. साहेबांनी चक्क हात जोडून म्हटलंही.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी शेवटची मी होते. तिसऱ्या वळणावर पुढून शिट्टी आली. मी गळ्याशी हात नेला, तर माझी शिट्टी गेटवरच्या बॅगेत! आता हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, आणि माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, दोन शिट्ट्या वाजल्या. दुसरी लांबलेली, दम लागल्यासारखी.

अंगावर सर्रकन काटा आला. माझ्या मागे कोण असणार? शेवटची मीच होते ना. मुलं मात्र निवांत पुढे चालली होती. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. या खेपेला मी नियम मोडून वळले. वाट रिकामी. वारा नव्हता, तरी बांबूची एकच फांदी हलत होती. खोटं कशाला सांगू, मी धावत जाऊन आठवीतल्या एका मुलीचा हात धरला.

गेटवर अंकलना सगळं सांगितलं. वाटलं, आता झापतील. त्यांनी एवढंच विचारलं, "दुसरी लांबली होती काय?"

मी हो म्हटलं, तसे ते बाकावर बसले आणि सांगू लागले. त्यांची बायको रेजिना अठरा वर्षं रांगेत सगळ्यात शेवटी चालायची. दम्यामुळे तिची दुसरी शिट्टी लांबायची. तिथला भृंगराज, शेपटीला दोन तारा असलेला काळा नकल्या पक्षी, ती शिट्टी तशीच्या तशी शिकला. रेजिनाला जाऊन चार वर्षं झाली. कुणी वळलं की पाखरू उडतं, म्हणून तो नियम.

"मला पुढे एवढंसं ऐकू येतं, बाय. तुमची कुठली, त्याची कुठली, या कानांना कळत नाय. तो अजून मारतो काय, तेच माहीत नव्हतं."

त्यात जंगलाच्या ऑफिसने पुढच्या महिन्यापासून शिट्ट्या बंद करून वॉकीटॉकी द्यायचं ठरवलं होतं. शिट्टीच वाजली नाही तर पाखरूही विसरणार. मला फार वाईट वाटलं.

वॉकीटॉकी आले त्या रविवारी मी शेवटची जागा मागून घेतली. तिसऱ्या वळणावर अंकलनी खिशातली जुनी शिट्टी काढून एकदाच वाजवली. मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि न वळता तो हात मागे धरला. माहीत असूनही अंगावर काटा आलाच. दोन शिट्ट्या, दुसरी लांबलेली.

मी बटण सोडलं, यंत्र खरखरलं. मग अंकलचा आवाज आला.

"शेवटची आली, बाय. सगळी आली."